सुजल्या पावलांची कैफियत

पहाटे अंथरुणातून उठून पाऊल जमिनीवर टेकवावे, आणि रात्रीतून कोणी तरी चवड्याखाली खडे पेरून ठेवले असावेत अशी कळ घोट्यापर्यंत चढावी, हा ज्याचा गेल्या नऊ वर्षांचा नित्यक्रम आहे त्याने आत्मानात्मविवेकात पडावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. वैद्याची अपेक्षा असते की त्याने पथ्य सांभाळावे, आणि घरच्या मंडळींची असते की त्याने कण्हणे थोडे आवरते घ्यावे. तरीही माझा अनुभव असा की, पायांत काय घालावे या प्रश्नाचा मनुष्य निष्ठेने पाठपुरावा करू लागला म्हणजे त्याची वाट चपलांच्या दुकानावरून थेट वेदान्ताच्या दारापर्यंत जाते, आणि तेथे पोचल्यावर त्याला प्रथम सांगण्यात येते ते हे की, चपला बाहेर काढून ठेवा.

आमवाताने धरलेले पाऊल म्हणजे निरोगी पाऊलच थोडे फुगलेले, असा दुकानदारांचा समज असतो, आणि म्हणून ते एक माप मोठा जोड पुढे करतात. वस्तुतः सांध्यांची अस्तरे सुजून त्यांचे बंध सैल पडले म्हणजे चवडा रुंदावतो, अंगठा शेजारच्या बोटांवर कलतो, ती बोटे आखडून वर उचलली जातात, आणि चवड्याखालच्या हाडांखालून मांसाची मऊ गादी पुढे सरकल्यामुळे ती हाडे तळव्याच्या कातडीत रुततात. अशा पावलास लांबी वाढवून मिळालेला जोड टाचेशी सैल आणि बोटांशी पूर्ववत जाचक असतो. माझ्या वडिलांच्या पायात जन्मभर कापशी घाटाची वहाण होती. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची, खिळ्यावाचून वादीने शिवलेली ती वहाण तेल पिऊन पिऊन शेवटी धन्याच्या पायाचा घाट घेते असा तिचा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही. पण तिच्या अंगठ्याच्या वेटोळ्यात माझा अंगठा शिरेना, आणि ज्या दिवशी शिरला त्या दिवशी तो बाहेर निघेना.

अखेर आमच्या पेठेतील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. सकाळची वेळ होती. त्याने पाऊल हातात घेऊन, अंगठ्याच्या बुडाशी आलेला उंचवटा बोटाने चाचपून पाहिला आणि कागद बाजूस सारला. "मास्तर, आत्ता माप घेऊन काय उपयोग? दिवसभर पाय फुगत जातो. दिवेलागणीला या, सुजला असताना घेतो. आणि दोन्हींचं निरनिराळं. दुखऱ्या पायाचा जोड वाईट वेळेच्या मापानं शिवायचा असतो." मी त्या संध्याकाळी पुन्हा गेलो. त्याने कलबुतावर नेमक्या त्या उंचवट्याच्या जागी चामड्याचे तुकडे चढवून माझ्या अंगठ्याची विकृती लाकडावर उमटविली, आणि पंधरा दिवसांनी मला असा एक जोड दिला की ज्याला रूप असे काहीच नव्हते.

हा जोड पाहून माझे एक स्नेही, जे मामलेदार कचेरीत शिरस्तेदारी करून निवृत्त झाल्यावर त्याच काटेकोरपणाने वेदान्ताकडे वळले आहेत, मला म्हणाले, "अहो, देह म्हणजे भाड्याचा वाडा. त्याच्या उंबऱ्याला एवढी मखमल कशाला?" आणि केवळ थट्टेवर न थांबता त्यांनी, आद्य शंकराचार्यांच्या नावाने परंपरेने चालत आलेल्या 'विवेकचूडामणी'तील तितिक्षेचे लक्षण दाखल्यादाखल पुढे केले. सर्व दुःखे सोसावीत, त्यांचा प्रतीकार करू नये, त्यांची चिंता करू नये आणि विलापही करू नये, असा त्या लक्षणाचा आशय आहे. तेव्हा कलबुतावर चामडे चढवून घेणारा मनुष्य साधनचतुष्टयाच्या तिसऱ्या पायरीवरून घसरला, असा त्यांचा निवाडा.

हा निवाडा मी काही दिवस निमूटपणे वागविला, कारण त्याविरुद्ध अपील कोठे करावे ते सुचेना. मग ध्यानात आले की त्या लक्षणातील कलमे तीन आहेत आणि स्नेह्यांनी मजवर लागू केले ते एकच. वडिलांच्या वहाणेशी झगडत होतो त्या दोन वर्षांत प्रतीकार न करण्याचे कलम मी तंतोतंत पाळले होते. परंतु चिंता आणि विलाप यांच्या खात्यावर माझी थकबाकी इतकी साचली होती की घरून निघून कीर्तनाच्या मंडपापर्यंत जाताना मी नामाऐवजी पावले मोजीत असे, पूर्वरंग ऐकताना परतीच्या वाटेवरील फरशा आठवीत असे, आणि उत्तररंगात कथा रंगात आली म्हणजे हे आता लवकर संपेल तर बरे असे मनात आणीत असे. नव्या जोडाने मी त्याच मंडपात गेलो, आणि आरतीला उभे राहताना मला एकदम आठवण झाली की आपल्याला पाय आहेत. मधला दीड तास ते नव्हते. देहबुद्धी क्षीण व्हावी हेच जर साधनेचे प्रयोजन असेल, तर तो दीड तास कोणाच्या जमेस धरावयाचा, असा प्रश्न मी स्नेह्यांना घातला. त्यांनी तो विचारार्थ तहकूब ठेवला आहे.

यावरून सुखाला बिनशर्त सनद मिळते असे मात्र नव्हे. या विषयाचा सर्वांत सूक्ष्म विचार मला आढळला तो बौद्धांच्या विनयपिटकात, जेथे महावग्गात चामड्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. चंपा नगरीचा सोण कोळिविस हा धनिकपुत्र इतका सुकुमार की त्याच्या तळव्यांवर लव होती. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमण करता करता पावले फोडून घेतली आणि सारी वाट रक्ताने भिजविली. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त सांगितला हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यानंतर त्याने सोणाला एकपदरी तळव्याच्या वहाणा घालण्याची मुभा दिली, आणि सोणाने ती एकट्यासाठी नाकारली, हे फारसे कोणी सांगत नाही. एवढी संपत्ती टाकून आलेला मनुष्य वहाणांना चिकटला असे लोक म्हणतील, सर्व संघाला मुभा असेल तरच मी घालीन, असे तो म्हणाला आणि मुभा सर्वांना मिळाली. पुढे काही भिक्षू निळ्या, पिवळ्या, मोरपिसे लावलेल्या वहाणा मिरवू लागले तेव्हा त्या बंद झाल्या. खडावा घालून पहाटे खडखडत हिंडणाऱ्यांमुळे इतरांची समाधी मोडू लागली तेव्हा खडावाही गेल्या. विहाराच्या आवारात तर वहाणांना बंदीच झाली. आणि मग, पायाला कुरूप झालेल्या एका भिक्षूला त्याचे सोबती उचलून नेत आहेत असे बुद्धाच्या दृष्टीस पडले, आणि ज्याचे पाय दुखतात, ज्याचे पाय फुटले आहेत, ज्याला कुरूप आहे, त्याने आवारातही वहाण घालावी असे त्याने ठरविले. अवंतीकडील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, म्हणून तेथल्या भिक्षूंना अनेक पदरांचा तळवाही मोकळा झाला. मला या प्रकरणात विशेष वाटते ते हे की, तेथे बंदी आली ती मिरविणे आणि खडखडाट पाहून, पण सवलत प्रत्येक वेळी कोणाचे तरी पाऊल पाहून देण्यात आली.

आपल्याकडेही पादत्राणांची उत्पत्ती भाजलेल्या पावलांतूनच सांगितली आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी बाण सोडीत आहेत आणि रेणुका ते वेचून आणीत आहे. ऊन चढल्यावर ती झाडाखाली क्षणभर थांबली, तिचे मस्तक आणि तळवे पोळले होते, आणि हे कळताच मुनींनी सूर्यावरच धनुष्य रोखले, तेव्हा सूर्याने ब्राह्मणरूपाने येऊन छत्र आणि उपानह दिले. (बाण वेचावयास पत्नीला उन्हात धाडणेच थांबवावे, हे मात्र त्या तपस्व्याला सुचले नाही.) माहूरगडावर आपण जिच्या पायी माथा टेकतो तिच्याच पोळलेल्या पायांसाठी पहिली वहाण भूतलावर आली, म्हणून उत्तरक्रियेत छत्री आणि जोडा दान देण्याची वहिवाट आहे. ज्याला पाऊलच उरले नाही त्याच्या तळव्यांची इतकी काळजी वाहणारा धर्म देवळाच्या दारात जिवंत मनुष्याच्या चवड्याविषयी उदासीन का असतो, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

चामडे अशुद्ध म्हणून, असे सांगतात. परंतु मृगाजिनावर बसून जप चालतो, आणि चामड्याने मढविलेला मृदंग देवासमोर वाजतो. शांतिदेवाने बोधिचर्यावतारात म्हटले की सारी पृथ्वी चामड्याने मढविणे शक्य नाही, आपले तळवे मढविले की ती मढविल्यासारखीच होते, चित्ताचेही तसेच. दृष्टान्त अप्रतिम आहे, पण दृष्टान्तासाठी तळवा घेणाऱ्या आपल्या समाजाने तो शिवणाऱ्याला मात्र वहाणेसकट बाहेर ठेवले. पंढरीचे दार त्याच्यासाठी साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली, उघडले. नरसोबाच्या वाडीला तर देव पादुकारूपानेच पुजला जातो. त्याची पादुका गाभाऱ्यात, आणि ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पावले जोखली तो दीर्घकाळ पायरीखाली.

हे सारे मी त्या वृद्ध कारागिरासमोर बोलून दाखविण्याचे कारण इतकेच की गेल्या मार्गशीर्षात आमच्या देवळाच्या थंड फरशीवर अनवाणी उभे राहून मी दोन दिवस अंथरुणाला खिळलो होतो, आणि दत्तजयंती पुढे होती. तो आरी खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, तुमच्यात धाबळी सोवळ्यात चालते ना? मग लोकरीला काय हरकत? नमद्याचा तळ लावून देतो, आत चामड्याचा टाका नाही. फक्त देवळात घाला."

धर्मशास्त्रावरचे एवढे निर्दोष अनुमान मी शास्त्रीमंडळींच्या सभेतही ऐकले नव्हते. दत्तजयंतीला मी ते करडे, ओबडधोबड जोड घालून उंबऱ्याशी उभा राहिलो. पुजाऱ्यांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग पायांकडे पाहिले; मी लोकर असल्याचे सांगितले; ते वाकून, एक बोट लावून, खात्री करून घेते झाले. मग बाजूला होत म्हणाले, "डावीकडून या. तिकडं तीर्थ सांडलंय, भिजतील."