मांडीवरचा प्रश्न



नृसिंहजयंतीस प्रल्हादाची कथा आपण दरवर्षी श्रवण करतो. स्तंभ दुभंगला, नरहरी प्रकटले, येथे आपले चित्त गुंतते. परंतु श्रीमद्भागवताच्या सप्तम स्कंधात त्यापूर्वी एक लहानसा प्रसंग आहे. हिरण्यकशिपू बालकास मांडीवर घेतो आणि प्रेमाने विचारतो, की बाळ, तुला काय चांगले वाटते ते सांग. दैत्यराजाने विचारलेला हा प्रश्न आपल्यापैकी किती पित्यांनी मुलास विचारला असेल? दोष प्रश्नात नव्हता. उत्तर मनाजोगते आले नाही, तेव्हा त्याने प्रथम ते हसण्यावारी नेले. कोणी तरी मुलाची बुद्धी फिरविली असे ठरवून त्याजवर नीट नजर ठेवावयास सांगितले. पुन्हा तसेच उत्तर आले, तेव्हा तो गुरूंवर संतापला. गुरूंनी विनविले, की महाराज, हे कोणी शिकविलेले नाही, ही त्याची निसर्गदत्त बुद्धी आहे. एवढे कानी पडूनही पित्याने मुलास मांडीवरून खाली लोटले.

आम्ही दैत्य नव्हे, पण ही चूक आमच्याही हातून घडली आहे. आमच्या कनिष्ठ बंधूने तेराव्या वर्षी देवळातील भजनाची पेटी उघडून सूर सुटे केले. एकादशीच्या भजनास दोन तासांचा अवकाश होता. आम्ही त्यास मारले, हे लिहिताना संकोच वाटतो. रुद्र पाठ होत नाही आणि सुतारकी सुचते, असेही बोललो. इतक्यात तीर्थरूप गाभाऱ्यातून आले. सोवळ्यानेच त्याच्यापाशी बसले व म्हणाले, “काय बिघडले होते रे यात?” घरात चार शब्द न बोलणारा तो मुलगा भात्याची गळती, सुराच्या पितळी पट्टीवर बसलेली धूळ, एक सूर का चिरकतो, हे सांगतच राहिला. तीर्थरूपांनी मध्ये शब्द घातला नाही. पुजाऱ्याच्या मुलाने पुजारीच व्हावे, ही इच्छा त्यांना नसेल असे नाही. ती त्यांनी त्या घटकेपुरती बाजूस ठेविली.

पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा, गदगचा. लहानपणी भजनी मेळ्यामागे जाऊन ते कुठेही झोपी जात, म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेविले होते, अशी आठवण सांगतात. मुलगा हरवू नये म्हणून बापाचे नाव सदऱ्यावर असावेच. पण १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून निघाला, ग्वाल्हेरीस राहिला आणि जालंदरपर्यंत पोहोचला. वडिलांनी शोधून घरी आणले. गाणे मात्र सुटले नाही, आणि १९३६ पासून कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले.

यावरून कोणी मुलाच्या प्रत्येक हट्टास कल समजू नये. आज तबला, उद्या पतंग, हे वयच तसे. शाळा आणि सायंकाळची आरती चुकता कामा नये. मात्र सांगितल्यावाचून मूल पुन्हा पुन्हा कशापाशी जाऊन बसते, ते घरच्यांनी पाहावे. उत्सवात कोणास हार गुंफावासा वाटतो, कोणास हिशेबाची वही हवी असते. मुलीस तर रांगोळीखेरीज दुसरे काही आवडते का, हे विचारण्याची पद्धतच आपल्याकडे नाही.

त्या एकादशीस भजन टाळांवरच झाले. पेटी तीन दिवसांनी जोडली गेली. तिचा काळी दोनचा सूर अजून किंचित उतरलेला आहे, आणि त्यास काय करावे हे तीर्थरूप हल्ली बंधूलाच विचारतात.