न घेतलेले कर्ज

कलकत्त्याच्या बालीगंज भागात, गुरुसदय रोडवर, कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लबचे मैदान आहे. ही संस्था ज्या जुन्या फुटबॉल क्लबाचा वारसा सांगते, तो १८७३ साली स्थापन झाला आणि तो खेळत असे रग्बी. म्हणजे अमेरिकेतील फुटबॉल ज्यातून पुढे निपजला तो खेळ. प्रारंभी त्या क्लबात सभासदांना मद्य विनामूल्य मिळे. ही सोय बंद करावी लागली, तेव्हा मंडळी पांगू लागली. खेळाडू उरेनात, तेव्हा मागे राहिलेल्यांनी बँकेतील चांदीचे रुपये काढून ते वितळविले, त्यांचा चषक घडविला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला अर्पण केला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे संघ त्या चषकासाठी खेळत आले आहेत. फुकटच्या पेल्याने जमलेली संगत पेल्याबरोबर संपली. उरलेल्या थोड्यांनी मात्र आपली शिल्लक, पुढे कोण खेळणार हे ठाऊक नसतानाही, पुढच्यांच्या हाती दिली.

त्याच खेळाच्या अमेरिकी वंशजात आज याच्या नेमकी उलट रीत दिसते. व्यावसायिक संघात नव्याने आलेल्या खेळाडूने ज्येष्ठांचे सामान वाहायचे, सांगतील तेव्हा गाणे म्हणायचे आणि एका रात्री सर्वांना महागड्या उपाहारगृहात जेवू घालायचे. २०१० साली डॅलस काउबॉइज संघातील डेझ ब्रायंट याने ज्येष्ठ सहकारी रॉय विल्यम्स याची खांद्यावरची संरक्षक कवचे वाहून नेण्यास नकार दिला. पुढे काही आठवड्यांनी सहकाऱ्यांच्या जेवणाचे ५४,८९६ डॉलरचे बिल त्याच्यापुढे आले. २०१३ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा जोनाथन मार्टिन संघ सोडून निघून गेला. सहकाऱ्यांनी त्याचा कसा छळ केला होता, हे २०१४ च्या चौकशी अहवालातून जगापुढे आले.

या रीतीच्या बाजूने सहसा तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की नवागत श्रीमंत असतो. पण सर्वच नवे खेळाडू श्रीमंत नसतात, आणि कित्येकांना हंगाम संपण्यापूर्वीच संघातून काढले जाते. शिवाय पैसा किती गेला, एवढाच प्रश्न नाही. नाही म्हणण्याची मुभा होती काय, हा आहे. जे बिल नाकारल्यास मैदानावर आपल्याकडे चेंडू येणार नाही अशी धास्ती असते, त्याला मेजवानी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. दुसरी गोष्ट अशी की कष्टांतून एकोपा वाढतो. हे निखालस खोटे नाही. आपल्याकडच्या तालमीत नवशिक्या पोराला हौद्यातील माती उकरायला लावतात. पण त्या उकरण्याने दंड आणि पाठ घडते ती त्याचीच. ज्या कष्टाचे फळ करणाऱ्याच्या अंगी लागते, ती शिकवण. ज्याचे फळ केवळ पाहणाऱ्याच्या करमणुकीत जमा होते, तो छळ.

तिसरी गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत बलवान: ‘आम्हीही सोसले आहे.’ मराठी माणसाला ती ओळखण्यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपण न्यायाची ग्वाही म्हणून उच्चारतो. पण सुनेचे दिवस येतात ते बहुधा ती स्वतः सासू झाल्यावर, आणि तिचा हिशेब चुकता करते ती तिसरीच कोणी, त्या घरात काल पाऊल ठेवलेली मुलगी. जिने कर्ज काढले नाही, तिच्याकडून वसुली होते. आणि जिने खरोखर देणे लागावे, ती सुखाने जपमाळ ओढीत बसलेली असते.

आता कोणी म्हणेल, आपल्या परंपरेतही ऋण मागच्यांचे आणि फेड पुढच्यांना, असेच आहे. गुरूचे ऋण शिष्य घडवून फेडावे, आईबापांचे ऋण मुलांना वाढवून फेडावे. वरून पाहता दोन्ही व्यवहारांचा घाट सारखाच आहे, आणि म्हणूनच छळाला परंपरेचे वस्त्र इतके सहज पांघरता येते. भेद आहे तो मुळाशी. ऋणात आपल्याला काही मिळालेले असते, आणि ते आपण पुढे देतो. रॅगिंगमध्ये आपले काही हिरावले गेलेले असते, आणि ते आपण पुढच्याकडून काढून घेतो. एकात साठा वाहता राहतो, दुसऱ्यात तूट वाहती राहते.

या तुटीची किंमत काय असू शकते, हे बालीगंजपासून फार दूर नसलेल्या जादवपूरने पाहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील विद्यापीठात बंगाली साहित्य शिकण्यासाठी आलेला, प्रथम वर्षाचा एक मुलगा वसतिगृहाच्या सज्जातून पडून मरण पावला. त्याला येऊन थोडेच दिवस झाले होते. रॅगिंगच्या आरोपावरून आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला होता आणि पश्चिम बंगालने २००० साली. अर्थात त्या मुलाच्या वयाहून कायदा जुना होता. कायदा शिक्षा देऊ शकतो; पण वसतिगृहाच्या खोलीत मध्यरात्री ‘आमच्याही वेळी असेच होते’ हे वाक्य उच्चारले जाते, तेव्हा तेथे कायदा हजर नसतो. हजर असतो तो मागल्या वर्षी सोसलेला कोणी एक.

साऱ्या प्रश्नाचे ओझे अखेर त्याच्यावर येते, आणि ते हलके नाही. त्याने वसुली सोडली तर त्याचे नुकसान कायमचे नुकसानच राहते. त्याने सोसलेली रात्र कोणी परत करणार नाही, भरलेले बिल कोणी चुकवणार नाही. न घडलेल्या छळाची नोंद कुठे होत नाही, त्यामुळे त्याला कोणी धन्यवादही देणार नाही. ज्याचा छळ टळला, त्यालाही ते कळणार नाही. तरीही कुठेतरी कोणीतरी आपले येणे बुडीत खाती टाकल्यावाचून ही साखळी तुटत नाही. न्याय म्हणजे ज्याचे त्याला मिळणे, असे आपण शिकतो. येथे न्यायाला सुरुवात व्हायची, तर एकाने आपले न मिळालेले सोडून द्यावे लागते, आणि नव्याने आलेल्याला शेजारी बसवून आपल्या ताटातले वाढावे लागते.