कडेची माणसं

आमच्या धंद्यातलं वर्ष तुळशीच्या लग्नाला सुरू होतं आणि आषाढी एकादशीला संपतं. नवी दिनदर्शिका हातात आली की सणवार आणि सुट्ट्या बघायच्या आधी मी विवाहमुहूर्तांचं पान काढतो. पौष कोरडा जाणार हे धरूनच चालायचं. गुरू-शुक्राचा अस्त कधी आहे ते बघायचं. आणि अधिक महिना कुठे आलाय, ते तर जरा घाबरतच बघायचं. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्याचं काही वाटलं नाही, चातुर्मासात तसंही काम नसतं. पण २०१८ आणि २०२६ या दोन्ही वर्षी तो नेमका ज्येष्ठात. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ऐन हंगामाला खिंडार. त्या महिन्यात जावयाला धोंड्याचं वाण मिळतं, फोटोग्राफरला कॅमेऱ्याच्या कर्जाचे हप्ते.

मग जे मुहूर्त उरतात, त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र एकदम बोहल्यावर चढतो. आमच्या सातारा-कराड पट्ट्यात अशा तारखेला कार्यालय मिळत नाही, घोडा मिळत नाही, आचारी मिळत नाही. नात्यातली लग्नंही त्याच तारखांना असतात, त्यामुळे घरच्या बहुतेक कार्यांना मी नसतो. असलोच तर गळ्यात कॅमेरा असतो, आणि गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसाला कोणी पाहुणा समजत नाही. मोठ्या मुहूर्ताला चुकून कधी रिकाम्या हातानं गेलो, तर मामा बाजूला घेऊन हळूच विचारतात, ‘काय रे, धंदा बरा चाललाय ना?’

परक्या लग्नात दिवसभर वावरायचं, पण त्या लग्नातलं व्हायचं नाही, असं हे काम आहे. वधूच्या खोलीत जायची मुभा असते, तिच्या आईचे डोळे कधी भरून येतात तेही आधी कळतं. पण संध्याकाळी कोणाला माझं नाव विचारलं तर ‘ते फोटोवाले’ एवढंच सांगता येईल. जेवण शेवटच्या पंगतीला, बँडवाले आणि मांडववाले यांच्याबरोबर, साडेतीन-चारला. मसालेभात तोवर गार झालेला असतो आणि जिलबी संपलेली असते. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या पंगतीला बसलं की लग्न मागच्या बाजूनं दिसतं. आहेराची यादी करणारा दमलेला काका दिसतो, चपला शोधणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात, आणि सकाळपासून कोणीच न विचारलेली एखादी आत्याही दिसते. व्यासपीठावरून ही माणसं दिसत नाहीत. या लेखात जे म्हणायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो ते काका याशिका कॅमेऱ्यावर लग्नं काढायचे. एका रोलवर बारा फोटो. पुढे पस्तीस मिलिमीटरची फिल्म आली तेव्हा छत्तीस झाले, म्हणजे चैनच. प्रत्येक बटणाला पैसे पडत असल्यामुळे काय काढायचं ते आधी ठरलेलं असे: सीमांतपूजन, गौरीहरापाशी बसलेली नवरी, अंतरपाट, माळा, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख. त्यानंतर ग्रूप. वराकडचे, वधूकडचे, मामाकडचे, आणि मग शेजारी. काका स्टुलावर उभे राहून ओरडायचे, ‘अहो, तुम्ही मागचे, दोन माणसांच्या मधून बघा! मला तुम्ही दिसत नाही म्हणजे फोटोत पण दिसणार नाही!’ भिंग एफ-आठवर, म्हणजे तोंड बारीक केलेलं, फ्लॅश पूर्ण ताकदीवर. चेहरे पांढरेफटक यायचे, डोळे काही जणांचे मिटलेले असायचे, मागच्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या पडायच्या. कलाकुसर शून्य. पण पहिल्या रांगेत खाली बसलेल्या पोरापासून शेवटच्या रांगेत टाचा उंचावलेल्या गड्यापर्यंत प्रत्येक चेहरा स्पष्ट असायचा.

आता एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. चांगल्या कॅमेऱ्याचं शटर कंपनीच्या हिशेबानं दीड-दोन लाख फोटोंपर्यंत टिकतं. पूर्वीच्या फोटोग्राफरला तेवढे फोटो काढायला जन्म पुरला नसता. तरी या तीन-चार हजारांत आजी शोधायला गेलं तर सापडत नाही. ती असते, पण धूसर असते. कारण आज ज्याला आपण सुंदर फोटो म्हणतो तो एफ-एक पूर्णांक चारवर काढलेला असतो. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की नवरीच्या पापण्या काय त्या धारदार येतात आणि तिच्यामागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. गिऱ्हाइकाला नेमकं हेच आवडतं. ‘बॅकग्राउंड मस्त ब्लर झालंय’ ही आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी शाबासकी आहे. मीही ती घेतो, त्याच भिंगासाठी भरपूर पैसेही मोजले आहेत. पण अल्बम लावताना पडद्यावर फोटो मोठा करून बघितला की ते ब्लर झालेलं बॅकग्राउंड म्हणजे कोण, ते कळतं. चुलते, मावश्या, गावाकडून टेम्पो करून आलेली भावकी.

फोटोचं मोल कशावरून ठरतं हे मला लग्नाच्या दिवशी कधी समजलं नाही. ते समजलं पुढच्या काही वर्षांत, दुकानाच्या काउंटरवर. जुन्या गिऱ्हाइकाकडचा कोणी येतो. त्याला सूर्यास्ताच्या उजेडातला नवरा-नवरीचा फोटो नको असतो. तो म्हणतो, ‘दादा गेले परवा. भिंतीवर लावायला बरा फोटो घरात एकही नाही. लग्नातला बघा ना, त्यात फेटा बांधला होता त्यांनी.’ मग मी हार्ड डिस्क लावतो. बहुतेक वेळा ग्रूपमध्येच ते सापडतात. चेहरा कापून घ्यायचा, मागची कनात काढून निळसर छटा भरायची. एक अडचण नेहमी येते: ग्रूपमध्ये शेजारच्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकलेला असतो. तो हात पुसावा लागतो, बोट न् बोट, आणि त्याखालचा सदरा नव्यानं भरावा लागतो. या कामाला अर्धा तास लागतो आणि त्याचे पैसे मी घेत नाही. गावाकडच्या घरांत माळवदाखाली हार घातलेले जे फोटो दिसतात, त्यांतले कितीतरी असे कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेले आहेत.

त्याला एक जुनं कारणही आहे. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत त्या काळात घट्ट होती आणि ती फार उशिरापर्यंत टिकली. माझ्या आजीच्या पिढीतल्या अनेक बायकांनी त्या भीतीनं कधी स्टुडिओची पायरी चढली नाही. लग्नाच्या ग्रूपमध्ये मात्र त्या उभ्या राहायच्या, कारण तिथे नकार दिला तर भावकीत चर्चा झाली असती. आयुष्यात एकच फोटो आणि तोही दुसऱ्याच्या लग्नातला, अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

२००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोच्याच कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्रण निघू लागलं. तिथून लग्नाची फिल्म झाली, फिल्मला नायक-नायिका आले, आणि नायक-नायिकांना लग्नाआधीच गाणं हवं झालं. प्री-वेडिंग हा त्याचा पुढचा टप्पा. वाईचा घाट, अलिबागचा किनारा, गोव्यातली पिवळ्या भिंतींची जुनी घरं: दोघं, दोन बॅगा कपडे, धुराची नळकांडी आणि आम्ही. वर ड्रोन. २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते किती जणांकडे असतं हे विचारू नका. मला या शूटचे पैसे बरे मिळतात, कष्ट मुहूर्ताच्या दिवसापेक्षा कमी असतात, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण या चित्रांत तिसरं माणूसच नसतं. हे प्री-वेडिंगच अल्बमची पहिली वीस पानं खातं आणि मग ग्रूपसाठी दोन पानं उरतात, एकेका पानावर टपाल तिकिटाएवढे आठ फोटो.

लग्नही आता कॅमेऱ्याच्या सोयीनं चालतं. ‘गुरुजी, एक मिनिट थांबा, माळ परत घालू दे’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललो आहे. बहुतेक गुरुजी थांबतात. एक वयस्कर गुरुजी मात्र थांबले नव्हते. ‘मुहूर्त तुमच्या बॅटरीवर नाही चालत,’ म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू केला. मला ते फार आवडलं. त्या लग्नाचे फोटोही चांगले आले, कारण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

कॅन्डिड फोटोग्राफीला सरसकट नावं ठेवावीत असं मात्र मला वाटत नाही. काकांच्या छत्तीस फोटोंत नवरीची आई फक्त कन्यादानाला दिसायची, मान खाली घालून. पाठवणीनंतर रिकाम्या मांडवात खुर्चीवर एकटी बसलेली आई दाखवली ती कॅन्डिडनंच. दोष त्या पद्धतीचा नाही, भिंग कुठे वळवलंय त्याचा आहे. न सांगता टिपायचं स्वातंत्र्य मिळालं आणि ते सगळं आपण दोनच माणसांवर खर्च केलं.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. धंदा म्हणून ते दिवस वाईट गेले. पण त्या काळातले अल्बम आज बघितले तर कडेला कोणी उरलेलंच दिसत नाही. पंचवीस जण, मास्क हनुवटीवर ओढलेले, आणि प्रत्येक जण अल्बममध्ये पाच-सहा वेळा. एका फोटोत तर करवलीच्या हातात मोबाइल आहे आणि त्याच्या पडद्यावर, दुसऱ्या गावी अडकलेली आजी अक्षता उडवते आहे. अख्ख्या अल्बममध्ये घरच्यांना तो फोटो सर्वांत प्रिय आहे.

आषाढीनंतर आम्हाला सुट्टी, म्हणजे ज्या वेळी बाकीच्या जगाला नसते तेव्हा. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे कुटुंबासह कुठे जाणं अवघड. वाघ बघावेत म्हटलं तर ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद. कासला फुलं येतात ती याच दिवसांत, घरापासून जवळही आहे, पण तिथेही कोणीतरी ओळखीचं जोडपं भेटतं आणि ‘बरं झालं भेटलात, दोन काढा की’ म्हणतं. घरची मंडळी कुठे निघालीच तर बायको आधीच बजावते, ‘अहो, आता तरी तो कॅमेरा घरी ठेवा.’ मी ठेवतो. आमच्या घरचे जे काही फोटो आहेत ते मुलीनं मोबाइलवर काढलेले आहेत.

मला स्वतःला खरी सुट्टी वाटते ती वारीत. हंगाम संपता संपता माउलींची पालखी आमच्याच जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. कॅमेरेवाल्यांची तिथे झुंबड असते, सगळ्यांना माउलींचा अश्व हवा असतो, चारही खूर हवेत असलेला. मीही एक-दोनदा त्यासाठी धक्के खाल्ले. आता मी घोड्याकडे पाठ करून उभा राहतो. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. तिथे मला कोणाला ‘इकडे बघा’ म्हणायचं नसतं, म्हटलं तरी कोणी बघणार नाही. कोणी पैसे देणार नसतं, कोणी अल्बम मागणार नसतं. वर्षभरात मी एफ-आठवर मनापासून काढलेले फोटो बहुतेक इथलेच.

मग श्रावण-भाद्रपदात संगणकापुढे बसून हंगामाचा ढीग उपसायचा. आम्ही गिऱ्हाइकांना निवडीसाठी फोटो पाठवतो. ते ‘रविवारी बसून बघतो’ म्हणतात, आणि ते रविवार बाळाच्या बारशापर्यंत लांबतात. हा विनोद आमच्या धंद्यात सगळे करतात, कारण खरोखर बारशाच्या ऑर्डरबरोबर लग्नाचा अल्बम नेणारी घरं आहेत.

तुमच्याकडे कार्य असेल तर थोडं सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम असं आहे की वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो. म्हणजे ते फोटो तुमचे आहेत, माझे नाहीत. तेव्हा अल्बमवर समाधान मानू नका, सगळे मूळ फोटो मागून घ्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आम्ही जागा मोकळी करायला जुने फोटो पुसतो. फोटोग्राफरला आदल्या दिवशी घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांची यादी द्या आणि ती माणसं ओळखणारा एक भाचा-पुतण्या त्याच्याबरोबर सोडा. माळा पडल्यावर, पंगती बसायच्या आधी, अर्धा तास फक्त ग्रूपसाठी राखून ठेवा आणि तेवढ्यापुरतं त्याला सांगा की मागचं काही धूसर करू नकोस. छापील फोटोंच्या मागे नावं लिहा. आणि राहिलेले पैसे अल्बम न्यायला याल तेव्हा घेऊनच या.