आधी अंदाज, मग रन

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात तंत्रज्ञान आणा, ही मागणी नवी नाही. विद्यार्थ्यांनी पंचकार्डांवर लिहिलेले प्रोग्रॅम यंत्राकडूनच तपासून घेण्याची पद्धत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी अमेरिकेत 1960 मध्येच मांडली होती. पुढे बराच काळ तंत्रज्ञानाकडून मुख्य अपेक्षा राहिली ती तपासणी झटपट व्हावी, हीच. फळ्यावर समजावलं, प्रयोगशाळेत करून घेतलं, की प्रोग्रॅम लिहिता येणारच, असं गृहीत धरलं जाई. 2001 मध्ये या गृहीतकाला जबर धक्का बसला. मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत सुरुवातीचं शिक्षण झालेल्या 216 विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरसारखी आकडेमोड करणारे प्रोग्रॅम लिहायला दिले. 110 पैकी सरासरी गुण मिळाले जेमतेम 23. मग 2004 मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांत आणखी मुळाशी जाऊन पाहिलं, तर कित्येकांना दिलेला छोटासा कोड वाचून त्याचं उत्तर काय येईल हेही सांगता येत नव्हतं. म्हणजे अडचण लिहिण्याच्याही आधीची, वाचण्यातली होती.

उदाहरण अगदी साधं घेऊ. a मध्ये 5 आहे, b मध्ये 8. पुढच्या दोन ओळी: a = b; b = a. नवशिक्याला वाटतं, अदलाबदल झाली. प्रत्यक्षात पहिल्याच ओळीत 5 पुसला जातो आणि दोन्हीकडे 8 उरतात. विद्यार्थ्याने हा कोड नुसता रन केला, तर तो 8, 8 पाहतो, कुठूनतरी temp हा तिसरा, तात्पुरता चल वापरलेलं उत्तर उतरवतो आणि पुढे जातो. डोक्यातला गैरसमज जिथल्या तिथे राहतो. पण त्याने आधी आपलं उत्तर कागदावर लिहिलं असेल आणि शेजाऱ्याने वेगळंच लिहिलं असेल, तर दोघांना कारण द्यावं लागतं. मग स्क्रीनवरचं 8, 8 मनाला भिडतं. माझ्या मते प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम नव्याने रचायचा, तर त्याचं सगळं मर्म आधी अंदाज, मग चर्चा, मग रन या क्रमात आहे. एरिक मझूर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रासाठी रुजवलेली आपसांत चर्चेची हीच रीत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने संगणकाच्या चार अभ्यासक्रमांत वापरली. 2013 च्या अहवालानुसार नापासांचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 7 वर आलं. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गातही आधी एकट्याने, मग जोडीने, मग सर्वांनी विचार करण्याच्या पद्धतीत सरासरी 83 टक्के विद्यार्थी पूर्ण किंवा बहुतांशी गुंतलेले असतात. गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे, हे खरं. पण मोठ्या वर्गात हे जमतच नाही, हा आक्षेप तरी त्याने निकालात निघतो.

पोर्शन पूर्ण होणार नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. चर्चेला वेळ लागतो, काही घटक कमी करावे लागतात. पण पॉइंटर शिकवून झाले आणि a = b हे साधं असाइनमेंट कळलं नाही, तर पूर्ण झालं ते काय? विद्यार्थ्यांनाही ही पद्धत नेहमी आवडते असं नाही. हार्वर्डमधल्या 2019 च्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासात स्वतः डोकं चालवणारे विद्यार्थी जास्त शिकले, तरी आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. हे त्यांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगायला हवं.

आता चॅटजीपीटी क्षणात प्रोग्रॅम लिहून देतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. खरं तर त्यामुळे वाचन अधिकच गरजेचं झालं आहे, कारण आयता कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायला तो कळावा लागतो. आपल्याकडे मात्र जर्नल पूर्ण असलं, आउटपुट चिकटवलेलं असलं, की सबमिशन झालं. अभ्यास मंडळांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत निम्मे गुण तरी अनोळखी कोड वाचून, रन करण्याआधी उत्तर आणि कारण लिहिण्याला द्यावेत. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, कोरा कागद पुरतो.