भूमीचा शब्बाथ आणि आपली भाजी



पूर्व दिल्लीत यमुनेच्या काठी चिल्ला खादर नावाची वस्ती आहे. एका बाजूस मयूर विहारच्या इमारती, दुसऱ्या बाजूस नोएडाकडे धावणारा रस्ता आणि मध्ये नदीच्या गाळाची जमीन. 'खादर' म्हणजे पुराचे पाणी जिथवर पसरते ती गाळवट. हिवाळ्यात तेथील मेथी, पालक, मुळा, फुलकोबी भल्या सकाळी हातगाड्यांवरून आमच्या गल्लीत येतात. त्याच बाजारातील एका दुकानात काचेमागे दुसरी मेथी ठेवलेली असते. तिच्यावर 'सेंद्रिय' असे प्रमाणचिन्ह असते आणि तिची किंमत तिप्पट असते. आमच्या मंडळीतील एका भगिनीने मला विचारले, "प्रेषिताने शरीराला मंदिर म्हटले आहे ना? मग चार पैसे जवळ असताना मंदिरात विष कशाला न्यावे?" प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर देताना मी चाचरलो. त्या चाचरण्याचाच हा लेख आहे.

सेंद्रिय शेतीचे लाभ खोटे नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत व द्विदल पिकांचा फेर ह्यांवर पोसलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे परततात, माती भुसभुशीत होऊन पाणी धरून ठेवते. आणि विषाविषयी तर महाराष्ट्राच्या वाचकाला मी काय सांगावे? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते विष त्यांच्या ताटात नव्हते, श्वासात होते. आमच्या भगिनीच्या प्रश्नात ताटाची काळजी होती. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाची काळजी त्या प्रश्नात कोठे बसते, हे मला तेव्हा सापडले नाही.

रासायनिक शेतीला सरसकट दोष देणेही मला जमत नाही. दिल्लीच्याच हद्दीत, हरियाणाच्या सीमेजवळ, जौंती नावाचे गाव आहे. १९६० च्या दशकात पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचे डॉ. एम. एस. स्वामीनाथन व त्यांचे सहकारी ह्यांनी बुटक्या गव्हाचे बियाणे वाढविण्यासाठी ह्या गावाची निवड केली. तो काळ अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचा होता. ज्या पिढीने मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तिला युरियाची निंदा ऐकविणे सोपे नाही. आणखी एक गंमत पाहा. हीच संस्था पूर्वी बिहारमधील पुसा येथे होती, १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये ती दिल्लीस आली. त्या जुन्या पुशातच १९०५ पासून सर आल्बर्ट हॉवर्ड काम करीत होते. येथील शेतकऱ्यांकडून आपण शेती शिकलो, असे मानणारा हा इंग्रज पुढे इंदूरला गेला व तेथे त्याने कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसविली. जगातील सेंद्रिय चळवळ त्याला आपला पूर्वज मानते. एकाच संस्थेच्या नावाखाली दोन्ही वाटा निघाल्या, त्या दोन्ही भुकेल्या माणसासाठीच काढलेल्या होत्या.

आता अडचणींकडे वळू. जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांत सेंद्रिय शेतीचे उत्पन्न सरासरीने सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी भरते. पीक व प्रदेश ह्यांप्रमाणे हे अंतर बदलते, हे खरे. परंतु नत्र कोठून तरी आलेच पाहिजे, आणि शेणासाठी जनावर पाहिजे, जनावरासाठी चारा पाहिजे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचे पीक घसरले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. माती रातोरात पालटत नाही. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणपद्धतीतही रूपांतराचा काळ ठरवून दिला आहे. वार्षिक पिकांसाठी तो पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा, तर बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी किमान तीन वर्षांचा आहे. ह्या काळात शेतकऱ्याने रसायने वापरावयाची नाहीत, उत्पन्न घटले तर सोसावयाचे आणि मालावर पूर्ण सेंद्रियाचा शिक्काही लावावयाचा नाही. म्हणजे खर्च नव्या पद्धतीचा आणि भाव बहुधा जुनाच. (ही प्रमाणपद्धती २००१ मध्ये वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली सुरू झाली, ती निर्यात डोळ्यांपुढे ठेवून. देशी ताटाचा विचार मागाहून आला.) २०१५ पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेत गटांना तीन वर्षांचे साहाय्य मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळत असताना, कंपोस्टचे ढीग उपसणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब कोणी मांडावयाचा?

येथे मला पवित्र शास्त्रातील लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण होते. सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा, अशी तेथे आज्ञा आहे. माझ्या कामामुळे मी हा अध्याय अनेकदा शब्दाशब्दाने वाचला आहे, आणि दर वेळी मला नवल वाटते ते आज्ञेचे नव्हे, तिच्यानंतर येणाऱ्या शंकेचे. लोक विचारतील की पेरले नाही तर आम्ही खावे काय, हे देव आधीच जाणतो आणि त्या शंकेला तो अविश्वास म्हणत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षांना पुरेल इतके पीक देण्याचे तो वचन देतो. भूमीच्या विसाव्याचा भार त्याने एकट्या नांगरधाऱ्याच्या खांद्यावर टाकलेला नाही. आमच्या काळात विसाव्याची आज्ञा तेवढी दिली जाते. सहाव्या वर्षाचे पीक कोणी द्यावयाचे, ह्याविषयी सारे गप्प असतात.

ह्याच अध्यायात भूमी आपली आहे व इस्राएल तिच्यावर केवळ आश्रित आहे, असे देव सांगतो. मूळ इब्री शब्द 'गेर' व 'तोशाव' हे आहेत. मराठी भाषांतराच्या परंपरेत अशा माणसासाठी 'उपरी' हा शब्द रुळला. शहरी वाचक त्याचा अर्थ 'परका' एवढाच करतो, परंतु मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत तो शेतीचाच शब्द होता. वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असणारा तो मिरासदार, आणि हक्कावाचून काही काळापुरती जमीन कसणारा तो उपरी. भाषांतरकारांनी शब्द निवडताना हे मनात आणले होते की नाही, ते कसे कळणार? मात्र शब्द नेमका बसला आहे. मिरासदार एक देवच आहे. आणि सातव्या वर्षी आपोआप उगवेल ते दासाला, मजुराला व उपऱ्यालाही खावयास मिळावे, असेही तेथे म्हटले आहे.

यमुनेच्या खादरात आजही बरेचसे कसणारे ह्याच जुन्या अर्थाने उपरी आहेत. त्यांतील अनेकजण उत्तर प्रदेशातील बदायूँसारख्या जिल्ह्यांतून आलेले आहेत. ते तोंडी करारावर खंडाने जमीन घेतात. वजीराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरचा भाग तिच्या लांबीच्या दोन टक्केही नाही, परंतु नदीतील प्रदूषणाचा सुमारे पाऊण हिस्सा येथे तिच्यात मिसळतो. ते मैलापाणी आपल्या न्हाणीघरांतले, आपल्या कारखान्यांतले आहे. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, नदी स्वच्छ होईपर्यंत ह्या पूरमैदानावर खाण्याची पिके घेण्यास मनाई केली. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण घाण शहराने केली आणि शेती थांबवावयाची ती उपऱ्याने, हेही त्याच निर्णयाच्या पोटात आहे. तो उद्या युरिया टाकावयाचे थांबवील. नदी कशी थांबवील? जुलै २०२३ मध्ये जुन्या लोखंडी पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर चढले, तेव्हा खादरातील पिके व झोपड्या बुडाल्या. नदी ओसरली तशी माणसे पुन्हा पेरावयास आली.

म्हणून 'शुद्ध' ह्या शब्दाची मला धास्ती वाटते. सेंद्रिय मालाच्या जाहिरातींत तो पानोपानी असतो. आपल्यापैकी अनेकांच्या आजेपणजोबांना ह्याच शब्दाने गावच्या विहिरीपासून दूर ठेवले होते. आपण ख्रिस्ताकडे आलो त्या वाटेवर तो शब्द गळून पडला, असे मी समजत होतो. आता तो भाजीच्या पुडीवरून परत येत असेल, आणि काचेमागची मेथी शुद्ध व हातगाडीवरचा माणूस अशुद्ध अशी नवी शिवाशिव आपण पाळू लागलो असू, तर आपली पचनशक्ती सुधारली तरी काय मिळविले? करिंथच्या मंडळीत बाजारातील मांसाविषयी वाद उठला, तेव्हा पौलाने चौकशीचा रोख आपल्या पोटावरून शेजाऱ्याच्या विवेकावर वळविला होता. आपल्या भाजीची चौकशीही त्याच दिशेने व्हावी असे मला वाटते. ह्या पानात काय आहे, एवढे विचारून न थांबता ते पिकविणाऱ्याला पुढील वर्ष आहे की नाही, हेही विचारावे.

आपण हे मुळीच जाणत नाही असे नव्हे. सुगीच्या सणाला देवळात लिलाव होतो, तेव्हा एका भोपळ्याला आपण बाजाराच्या दसपट बोली लावतो आणि हसत पैसे मोजतो. तेथे भाव ठरतो तो भोपळ्याच्या वजनावरून नव्हे. मनात येते, वीस-पंचवीस कुटुंबांनी मिळून, नदीच्या घाणीपासून दूर, गाझियाबाद वा सोनिपतकडच्या एखाद्या लहान शेतकऱ्याशी तीन वर्षांचा शब्द का बांधू नये? माल कमी आला तरी ठरलेले पैसे द्यावयाचे, शिक्का नसला तरी घ्यावयाचे. गाझियाबादेत २००४ पासून सेंद्रिय शेतीसाठीचे राष्ट्रीय केंद्र आहे, मार्गदर्शनासाठी फार लांब जावयास नको. मराठी नव्या कराराचे पहिले भाषांतरकार विल्यम कॅरी ह्यांनी १८२० मध्ये कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्या मंडळ स्थापन केले. शब्दाची सेवा व मातीची सेवा त्यांना निरनिराळी वाटली नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बागेच्या मशागतीसाठी जे इब्री क्रियापद आहे, तेच उपासनेसाठीही येते, हे त्यांना ठाऊकच असणार.

ही तीन वर्षांची कल्पना मी प्रथम आमच्या गल्लीतल्या मेथीवाल्यापाशीच बोलून पाहिली. त्याची खादरातली जमीन ह्यासाठी चालणार नाही, हे मला माहीत होते. पण गाडी लोटता लोटता त्यानेच एकदा म्हटले होते, की पलीकडे चांगल्या पाण्याची जमीन मिळाली तर तो जावयास तयार आहे. त्याने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडीत सारे ऐकून घेतले. मग हिंदीत म्हणाला, "बाबूजी, तुम्ही तीन वर्षांचे सांगता. आमच्या मालकाने जेठ महिन्यापुढचे अजून काही सांगितलेले नाही."