तेहतीस टक्क्यांची रेषा

नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला, अशी आम्हां सरकारी सेवकांची एक सुखद समजूत असते. ती सर्वस्वी खोटी नाही; पण कोठवर खरी आहे हे पाहावयाचे असेल, तर नैसर्गिक आपत्तीत पीक गमावलेल्या शेतकऱ्याला सरकार देते त्या मदतीकडे पाहावे.

सरकारी निकषांच्या लेखी ही मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. पुढील पेरणीच्या बी-खताला हातभार, एवढाच तिचा हेतू. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी उत्तर व मध्य भारतातील रब्बीची पिके झोडपून काढली. तोवर निम्मे पीक गेल्याखेरीज ही मदत मिळत नसे. त्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली व कोरडवाहू जमिनीचा दर हेक्टरी ४,५०० रुपयांवरून ६,८०० रुपये केला. ज्याचे ४० टक्के पीक गेले होते, तो मार्चमध्ये मदतीस अपात्र होता, एप्रिलमध्ये पात्र ठरला. त्याच्या शेतात मात्र काहीच बदलले नव्हते.

म्हणून रेषाच नको, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी खजिना अमर्याद नसतो. शिवाय रेषा पुसली, तर पंचनामा करणाराची मर्जी हीच रेषा होऊन बसेल. आणि मर्जी राखण्याची ऐपत गरिबापाशी सर्वांत कमी असते. नियमाचा कोरडेपणा हा पुष्कळदा दुबळ्याचाच आसरा असतो.

परंतु नियमाला दिसते ते कागदावरचे. त्याच वसंतात तेव्हाच्या फैजाबाद जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या हाती शंभर रुपयांहूनही कमी रकमेचे धनादेश पडल्याच्या बातम्या आल्या. सामाईक खात्यातील जमिनीचे हिस्से पाडीत गेले, की गणित अशाच आकड्यापाशी पोहोचते. त्या गणितात चूक नसेलही. पण तेवढ्या पैशांत पेरणी होत नाही. बटाईदाराची गोष्ट याहून अवघड. आपल्याकडे सातबारा, तिकडे खतौनी. ज्याचे नाव तेथे मालक म्हणून लागले, त्याच्याच खात्यावर बहुधा पैसा जातो. मदत बियाण्यासाठी, आणि बियाणे ज्याने स्वतःच्या पैशाने मातीत टाकले, तोच यादीबाहेर! येथे नियम मोडलेला नाही. त्याचा हेतू तेवढा हरवला आहे.

मग कारकुनाने काय करावे? दयेपोटी नियम वाकवावा काय? आमच्या मते, नाही. एकाला दाखविलेली दया त्याच गावातील दुसऱ्यावर अन्याय ठरते. पण ‘नियमात बसत नाही’ एवढे लिहून हात झाडणे, हाही धर्म नव्हे. पन्नासाचे तेहतीस झाले, याचा अर्थ ती रेषा माणसांनी आखलेली होती व माणसांनीच ती हलविली. ती कोठे बोचते, हे वरिष्ठांच्या आधी ज्याच्यापुढे अर्जांचा गठ्ठा येतो त्याला दिसते. तेव्हा अर्ज नियमाप्रमाणे नामंजूर करावा, आणि त्याच टिपणीत, या नियमाने पेरणारा वगळला जातो, असे स्पष्ट लिहावे. पहिल्या कामाचा आम्हांला पगार मिळतो. दुसरे काम कोणी विचारीत नाही. म्हणूनच ते आमच्या विवेकावर सोपविलेले आहे.