उंट कोणी बांधावा?



गेल्या रमजानमध्ये एक दुकानदार बंधू तरावीहनंतर माझ्याजवळ येऊन बसले. दुकानाचा संगणक बंद पडला होता. उधारी, ठेवी, माल यांचा सारा हिशेब त्यातच होता. दुसरी प्रत नव्हती. त्यांनी विचारले, “मौलाना, जकात कशावर काढू? ज्यांचे पैसे माझ्याकडे जमा आहेत त्यांना काय सांगू? चूक तर सॉफ्टवेअरवाल्यांची आहे.”

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. युक्रेनमध्ये करविवरण भरण्यासाठी बहुतेक व्यापारी एम.ई.डॉक हे एकच सॉफ्टवेअर वापरीत असत. 27 जून 2017 रोजी हल्लेखोरांनी त्याच्याच अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरविला. डेन्मार्कची मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या जाळ्याच्या मूळ नोंदीची प्रत्येक प्रत एकाच वेळी नष्ट झाली होती. वाचली ती फक्त घानामधील एक, कारण वीज गेल्यामुळे तेथील यंत्र त्या वेळी बंद होते.

ती प्रत कोणाच्या दूरदृष्टीने वाचली नव्हती, ती अल्लाहची कृपा होती. पुढील वर्षी कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केले की, सुरक्षेच्या बाबतीत आपणही इतरांसारखेच सामान्य होतो. दोष हल्लेखोरांचा असूनही त्यांनी स्वतःचा वाटा नाकारला नाही.

माननीय प्रेषित (स.) यांना एका माणसाने विचारले होते की, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? आधी बांध, मग भरवसा ठेव, अशी शिकवण आपण (स.) दिली. दोरी विकणाऱ्याने सडकी दोरी दिली तर तो दोषी आहेच, त्याच्याकडे भरपाई मागणे हा आपला हक्क आहे. परंतु गाठ तपासणे हे उंटाच्या मालकाचेच काम आहे. सूरह अल्-बकरामध्ये देणे लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवण्यास कंटाळू नका, असा आदेश आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी दुष्काळ येण्यापूर्वीच धान्य कणसांत राखून ठेवण्याचा सल्ला दिला होता.

मी त्या बंधूंना सांगितले, “हातातील माल मोजा. बँकेचे कागद व पावत्या जमवा. जकातीच्या हिशेबात शंका राहील तेथे जास्तीचा आकडा धरा. लोकांचे जे पैसे तुम्ही धंद्यात वापरले ते तुमच्यावर कर्ज आहे, संगणक बिघडल्याने ते फिटत नाही. मात्र तुमची उधारी मागताना पुराव्याशिवाय कोणावर एक रुपयाही जास्त लादू नका.” ते बराच वेळ खाली मान घालून बसले होते.

बंधूंनो, हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला दुकानाबाहेर ठेवा आणि ती उघडते की नाही हे पाहा. उधारीची यादी कागदावर छापून ठेवा. सॉफ्टवेअर घेताना आपला हिशेब उद्या दुसरीकडे नेता येईल का, हे आधी विचारा. चोरीची प्रत वापरू नका. ज्या हिशेबाचा पायाच बेइमानीचा, त्यात बरकत कशी येईल?

कयामतच्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील अमानतीविषयी विचारले जाईल. त्या दिवशी कोणत्याही कंपनीचे नाव उत्तर म्हणून चालणार नाही.

हे अल्लाह! आमचे व्यवहार स्वच्छ ठेव, लोकांचे हक्क जपण्याची आम्हाला सद्बुद्धी दे आणि आमचा हिशेब सोपा कर. आमीन.